टिपणीसबाई होडीचं वायरिंग करतात

टिपणीसबाई आमच्या दाराची बेल कधी वाजवत नसत. त्या ती उघडून बघत. बाहेरून बारीक किरकिर ऐकू आली की माझी बायको शैला स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाई आल्या वाटतं." मी दार उघडावं तर बाई एका हातात बेलचं झाकण आणि दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभ्या. येऊ का, काय चाललंय, असलं काही नाही. पहिलं वाक्य, "अरुण, तुमची स्प्रिंग सैल झालीय."

बाई आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची सोसायटी. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. बाई जवळच्याच एका शाळेत मराठी शिकवायच्या, त्यातही व्याकरण. पन्नाशी ओलांडलेली, काडीसारखी अंगकाठी, खळ घातलेली सुती साडी. पर्समध्ये लाल पेन, खडूचे तुकडे, टेस्टर आणि काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. त्यांच्या वर्गातल्या मुलांना बाई नक्की कशाच्या, याबद्दल शंका असायची म्हणतात.

फार पूर्वी बाईंनी पंख्यासाठी एकदा वायरमन बोलावला होता. तो पहिल्यांदा आला तेव्हा पंखा बघून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा पंखा काढून गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही. सबंध मे महिना बाई छताच्या हुकाकडे बघत झोपल्या आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत त्यांनी वाचनालयातून वायरिंगचं पुस्तक आणून पंखा स्वतः चढवला. तेव्हापासून त्यांच्या घरात वायरमनचं पाऊल पडलं नाही. पुस्तकातली इंग्रजी आकडेमोड त्यांनी सोडून दिली आणि सगळी वीज व्याकरणात बसवून घेतली.

"सर्किट म्हणजे वाक्य, अरुण," त्या मला समजावायच्या. "बॅटरी हा कर्ता, दिवा हे कर्म, स्विच हे क्रियापद. क्रियापद दाबल्याशिवाय काही घडत नाही. आणि वायर निघाली तिथं परत आली नाही, तर वाक्य अपुरं."

आमच्या घरातल्या प्रत्येक स्विचखाली त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या. 'पंखा, बैठकीचा.' 'दिवा, पाहुणे आल्यावर.' 'हा दाबू नये.' तो दाबला तर काय होतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा दुरुस्त केला, तर तो लावला की दारावरची बेल वाजायला लागली. शैला चहा टाकायला दिवा लावायची आणि मी दार उघडायला धावायचो. बाईंनी स्टुलावर चढून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन वायरींची संधी झालीय. सोडवावी लागेल."

बाईंकडे मासळी घेऊन हिराबाई यायची, वर्सोव्याची कोळीण. डोक्यावर पाटी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि जिना चढतानाच तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा आवाज. या दोघींचं भांडण ऐकायला आमची दारं किलकिली व्हायची. बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "हिरा, हा मासा भूतकाळातला आहे." हिराबाई म्हणायची, "तुज्या शाळंतल्या पोरांना सांग ते. मना नको." मग बाई त्याच पापलेटाच्या तुकड्या करायला घ्यायच्या, आणि तोपर्यंत हिराबाई बाईंच्या उंबऱ्यावर बसून चहा पीत घरची सगळी हकीकत सांगायची. बाईंच्या घरी बसून चहा पिणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं होतं.

त्या वर्षी श्रावण लागताना हिराबाई चिंतेत होती. तिच्या नवऱ्याने, काशिनाथने, होडीला नवं इंजिन बसवलं होतं. नारळी पौर्णिमेला होडी समुद्रात जायला हवी, आणि वायरिंग अजून व्हायचं होतं. त्याच्याशिवाय रात्रीचे दिवे नाहीत, आणि दिव्यांशिवाय बाहेर जायला काशिनाथ तयार नव्हता. आदल्या वर्षी एका मोठ्या बोटीनं त्यांच्या शेजाऱ्याची होडी अंधारात जवळजवळ चिरडली होती. होड्यांची वायरिंग करणारा त्या भागात एकच नाणावलेला माणूस, मरोळच्या जुन्या गावातला पास्कल मिस्त्री.

"दर टायमाला बोलतो, शनवारी पक्का," हिराबाई म्हणाली. "कंचा शनवार ते नाय सांगत."

बाईंनी कप खाली ठेवला. "मी करते."

हिराबाई हसली. मग बाईंचा चेहरा बघून हसायची थांबली. "बाय, ती होडी हाय."

"असू दे. वाक्य लहान असो की मोठं, नियम तेच."

काशिनाथ कसा तयार झाला मला माहीत नाही. पौर्णिमा जवळ आली होती आणि पास्कल वसईला कुठल्याशा लग्नाला गेल्याचा निरोप होता, एवढं खरं. बाईंनी मला मदतनीस म्हणून नेमलं, कारण मी मरोळच्या कारखान्यात होतो. मी तिथं माल पाठवण्याच्या खात्यात कारकून आहे, हे मी सांगून पाहिलं. "लोखंडाजवळ बसतोस ना?" त्या म्हणाल्या. "पुरे आहे."

रविवारी आम्ही बसने तासाभरात वर्सोव्याला पोचलो. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या, वर ताडपत्र्या टाकलेल्या. बाईंनी पदर खोचला आणि लाकडी शिडीवरून सरळ वर चढल्या. वर गेल्यावर मात्र त्या बराच वेळ चारी बाजूंना बघत उभ्या राहिल्या.

"काशिनाथ," त्या म्हणाल्या, "भिंत कुठाय?"

होडीला भिंत नव्हती. जिकडे बघावं तिकडे लाकडाला बाक. बाईंनी सोबत आणलेली, वायर झाकायची केसिंगची लाकडी पट्टी सरळ होती आणि ती वाकायला तयार नव्हती. काशिनाथ उकिडवा बसून जाळं विणत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने बाईंकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

मग बाईंनी बॅटरीला टेस्टर लावला. त्यातला दिवा लागला नाही. त्यांनी टेस्टर पुसला, पुन्हा लावला. "बॅटरी मेलेली आहे," त्यांनी जाहीर केलं. काशिनाथ उठला, बॅटरीला एक बल्ब टेकवला, तो लख्ख पेटला, आणि काशिनाथ परत जाऊन बसला. घरच्या विजेचा टेस्टर होडीच्या बॅटरीवर लागत नाही, हे पुस्तकात असावं, पण ते पान बाईंनी सोडलं असणार. त्या थोड्या नाराज झाल्या. "ही वीज बोलीभाषेतली दिसतेय," त्या मला हळूच म्हणाल्या.

पण माघार नाही. रविवारी सबंध दिवस, एरवी शाळा सुटल्यावर, बाई वर्सोव्याची बस पकडायच्या. घरच्या पट्ट्यांचे बोटभर तुकडे करून त्यांनी ते होडीच्या बाकावर एकापुढे एक ठोकले. वायर घरचीच, स्विच घरचे. प्रत्येकाखाली चिठ्ठी. 'लाल दिवा, डावीकडचा.' 'हिरवा, उजवीकडचा.' 'डोलकाठी.' 'केबिन, जेवताना.' आजूबाजूच्या होड्यांवरचे लोक काम सोडून बघायला यायचे. एक म्हातारा कोळी रोज यायचा, तंबाखू मळत उभा राहायचा आणि जाताना म्हणायचा, "झकास. आता पंखा लावा." बाई त्याला खरोखरच सांगायच्या की पंख्याचा विचार चालू आहे.

दिवे लावायची वेळ आली तेव्हा केबिनमधला दिवा असा पेटला की हिराबाईने डोळ्यांवर हात धरला. लाल लागला, हिरवा लागला. डोलकाठीवरचा मात्र काजव्यासारखा मिणमिणला. तिथवर जाईपर्यंत बाईंच्या बारीक वायरीतच विजेचा दम निघून जात होता.

काशिनाथ मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "मासळीला दिसंल," तो म्हणाला. "बोटवाल्याला नाय दिसणार."

त्या कामात त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि जास्त ताकदीचा बल्ब आणते म्हणाल्या.

पौर्णिमेला थोडेच दिवस उरले असताना भरतीच्या वेळी होडी पाण्यात ढकलली आणि खाडीत एक फेरी मारून बघायचं ठरलं. बाई म्हणाल्या, मी येणार. बाई येणार म्हणजे मीही आलोच. काशिनाथने इंजिन चालू केलं आणि मला जन्मात पहिल्यांदा कळलं की होडी ही किती हलणारी वस्तू आहे. दात वाजत होते. पायाखालची फळी वाजत होती. आणि बाईंच्या पट्ट्यांचे स्क्रू एकेक करून बाहेर येत होते. आधी 'केबिन, जेवताना' गळून पडलं. मग 'हिरवा, उजवीकडचा'. बाई खाली वाकून तुकडे गोळा करत होत्या, आणि मी त्यांना घट्ट धरून होतो, खरं म्हणजे मीच त्यांच्या आधाराने उभा होतो.

तेवढ्यात रबर जळल्याचा वास आला. इंजिनाच्या झाकणाखालून धूर निघायला लागला. बॅटरीकडून येणारी वायर हादऱ्याने निसटून इंजिनाच्या लोखंडी कडेवर घासत होती. तिचं साल निघालं आणि ती पेटली. शेजारी डिझेलची टाकी. काशिनाथने झाकण उचललं, हात आत घातला आणि बॅटरीचा चिमटा उपटून काढला. धूर हळूहळू थांबला. मग त्याने उजवा हात पाण्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

होडी परत आली. किनाऱ्यावर हिराबाईने हात बघितला, तळव्यावर मोठा फोड आला होता. बाई म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊ या." काशिनाथ म्हणाला, "जाळ्यानं ह्याच्यापेक्षा जास्त कापतं." हिराबाई त्याच्या हाताला फडकं गुंडाळत बसली. बाईंशी ती भांडली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बसमध्ये बाई पर्स मांडीवर घट्ट धरून सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची बेल वाजली. शैलाने दार उघडलं आणि मला हाक मारली, जरा घाबरूनच. दारात टिपणीसबाई होत्या. हात मोकळे. त्यांनी बेल वाजवली होती.

"पास्कल मिस्त्रीचं घर तुझ्या कारखान्यापासून लांब आहे का रे?" त्यांनी विचारलं.

मरोळच्या जुन्या गावात, क्रूसाच्या पलीकडच्या गल्लीत पास्कलचं कौलारू घर होतं. पडवीत आरामखुर्ची, तिच्यात काळा चष्मा लावून पास्कल, रेडिओ चालू, अंगणात कोंबड्या. वसईचं लग्न बहुधा याच खुर्चीत चाललेलं असावं. आम्हाला बघून तो उठला नाही.

"बोला, टीचर."

त्याला सगळं कळलेलं होतं. वर्सोव्यात होडीतून धूर निघतो आणि मरोळला कळत नाही, असं होत नसे.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. शिक्षिकेच्या तोंडून हे वाक्य ऐकायची त्याला सवय नसावी. त्याने चष्मा काढला. "माणसाचा हात भाजला. पौर्णिमेला होडी जायला हवी. तुम्ही चला."

"शनवारी पक्का येतो."

"कुठल्या शनिवारी?"

पास्कल हसला. बाई हसल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर त्यांनी रुमाल पसरला, त्यावर बसल्या आणि पर्समधून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून तपासायला लागल्या. पास्कल थोडा वेळ रेडिओ ऐकत राहिला. मग त्याने रेडिओ बंद केला. कोंबड्या आत घातल्या. बायकोने आतून विचारलं, "त्या बाय जेवायला हायत काय?" तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "सकाळी येतो, टीचर. जावा आता घरी. माझ्या बायकोचं मराठी पण तुमी सुधराल."

आणि तो खरंच आला. होडीत चढून त्याने बाईंचं काम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि पोट धरून हसला. "घर हाय काय ह्ये? घर हालत नाय, टीचर. होडी हालते. हितं समदं हालतं." त्याने बाईंची वायर उपटून किनाऱ्यावर फेकली. मग बारीक तारांची पिळलेली जाड वायर काढली, जागोजागी रबराचे तुकडे घालून ती लाकडाला चिमट्यांनी आवळली, आणि जिथं वळण होतं तिथं ती मुद्दाम सैल सोडली. बाई शेजारी बसून प्रत्येक गोष्ट का, ते विचारत होत्या. पास्कल सुरुवातीला सांगत होता. मग चिडला. मग परत सांगायला लागला, कारण इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

भांडण झालं ते शेवटी. पास्कलने सगळ्या वायरी एकत्र बांधून स्विचच्या मागे कोंबल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या.

"यातली डोलकाठीची कुठली?" बाईंनी विचारलं.

"डोक्यात हाय माझ्या."

"आणि समुद्रात दिवा गेला तर काशिनाथने काय करायचं? तुमच्या डोक्यासाठी मरोळला यायचं? तेही शनिवारी?"

पास्कल म्हणाला, इतकी वर्षं मी काम करतो, कुणी तक्रार केली नाही. बाई म्हणाल्या, ज्यांनी करायची ते परत आले असते तर केली असती. हे जरा जास्तच झालं. पास्कल शिडी उतरून खाली गेला. आता हाही गेला, असं मला वाटलं. तो वाळूत बिडी ओढत उभा राहिला आणि बिडी संपल्यावर परत वर आला.

"लिवा," तो म्हणाला. "तुमी लिवा, वायर मी ओढतो. पन कागद नको, हितं राहणार नाय."

मग बाईंनी पत्र्याच्या पट्ट्यांवर रंगाने नावं लिहिली, पास्कलने त्या एकेका वायरीला अडकवल्या, आणि बाईंच्या हट्टापायी प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज बसला. एक फ्यूज पास्कलने आपणहून अगदी बॅटरीला लागून बसवला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिवे लावले. डोलकाठीचा दिवा खाडीपलीकडे मढच्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांनाही दिसला, असं नंतर पास्कल सगळ्यांना सांगत असे. पास्कल तेव्हा वर्सोव्यात उभा होता, पण ते असो.

पौर्णिमेला होडी नारळ वाहून आली आणि दोन-चार दिवसांनी कामाला निघाली. संध्याकाळी परत यायची होती. त्या दिवशी मी कामावरून येऊन चहा घेत होतो, तेवढ्यात बाई आल्या.

"मी वर्सोव्याला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "जास्तीचे फ्यूज द्यायचे राहिलेत."

वारा सुटला होता. मी चपला घातल्या.

किनाऱ्यावर कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. काही होड्या आल्या होत्या, काशिनाथची आली नव्हती. हिराबाईने बाईंना पाहिलं आणि आपल्या शेजारची टोपली बाजूला सरकवली. बाई वाळूत बसल्या. खळीच्या साडीचा त्यांनी विचारही केला नाही.

"उशीर झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"होतो. वारा हाय."

"किती उशीर झाला की उशीर म्हणायचं?"

हिराबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "बाय, कुनाची वाट बघत कवा बसलीच नाय काय तू?"

"आई होती तेव्हा ती माझी बघायची," बाई म्हणाल्या. "गॅलरीत उभी राहायची. मला राग यायचा तिचा. ती गेल्यावर मी एकदा मुद्दाम खूप उशिरा घरी गेले. काही फरक पडला नाही."

हिराबाईने आपली शाल अर्धी उलगडून बाईंच्या खांद्यावर टाकली. उजेड कमी होत गेला. बाई दर थोड्या वेळाने चष्मा पुसत होत्या. मग दूर एक पांढरा ठिपका दिसला, खाली एक लाल, एक हिरवा.

"आपली," बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

काशिनाथ गुडघाभर पाण्यातून चालत आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. हिराबाईने आधी टोपली पुढे केली, मग त्याच्याकडे पाहिलं. काशिनाथ बाईंना म्हणाला, "बरा हाय दिवा." बाईंनी मान हलवली. फ्यूज द्यायचे त्या विसरल्या, आणि मीही आठवण केली नाही.

मासळी उतरवून होईपर्यंत अंधार पडला. मी म्हटलं, "बाई, निघू या, बस मिळायची नाही." हिराबाई म्हणाली, "तू जा रं. ती जेवून रातच्याला हितंच ऱ्हाईल." मला वाटलं, बाई नाही म्हणतील. मी त्यांना ओळखत होतो तेव्हापासून त्या एक रात्र स्वतःच्या घराबाहेर राहिल्या नव्हत्या. दिवाळीतसुद्धा नाही, मे महिन्यातसुद्धा नाही.

बाई हिराबाईच्या मागून चालायला लागल्या होत्या. थोडं पुढे जाऊन त्या थांबल्या आणि मला हाक मारली.

"अरुण, दूधवाल्याला सांगशील? उद्या सकाळी मी घरी नाहीये."

अगदी साधा निरोप. पण त्यांनी तो असा सांगितला, जणू काही मोठं घडल्याचं कळवतायत.

सकाळी मी लवकर उठून जिन्यात उभा राहिलो आणि दूधवाल्याला सांगितलं. पेपरवाल्याला सांगितलं. खाली वॉचमन होता, त्याने काहीच विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं की टिपणीसबाई बाहेरगावी गेल्यात.

"बाहेरगावी?" तो म्हणाला. "कुठं?"

"वर्सोव्याला," मी म्हटलं.